राऊळकाकांचं समक्ष वाचन

आमच्या चंदनसारच्या सोसायटीत सकाळी सकाळी कुणी कावळ्याला पुस्तक वाचून दाखवताना दिसलं, तर घाबरू नका. ते आमचे राऊळकाका. तळमजल्यावर राहतात, विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेत आणि त्यांचं डोकं शाबूत आहे. निदान माझ्यापेक्षा तरी जास्तच.

ते वाचतात तेही कावळ्याबद्दलच. कुणाबद्दल वाचायचं तर त्याच्या समक्ष, हा त्यांचा नियम. चिमणीचं प्रकरण चिमणीसमोर, पिंपळाचं पिंपळाखाली. वाचनालयातून पुस्तक आणतात, घरी दोनदा वाचून तयारी करतात आणि मग ज्याचं त्याला नेऊन ऐकवतात. एकदा ते विरजण मागायला आले, तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या पालीवर झाडू उगारला होता.

"थांबा! ती विषारी नसते," काका ओरडले. "इतकी वर्षं लोक तिच्याबद्दल वाट्टेल ते बोलतायत. तिला कुणी कधी विचारलंय?"

मग खाली जाऊन पुस्तक घेऊन आले आणि भिंतीकडे तोंड करून त्यांनी पालीला दीड पान ऐकवलं. पाल जागची हलली नाही. माझी पोळी करपली.

मला कुणाच्या पाठीमागे चार शब्द बोलल्याशिवाय चहा गोड लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यामुळे हा शेजार म्हणजे मला शिक्षाच. 'तिसऱ्या मजल्यावरचे ते...' एवढं म्हणायचा अवकाश, काका उठतात. "समक्ष बोलू. बोलावून आणतो." आणि खरंच आणतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या तिसऱ्या मजल्यावाल्यांच्या कुंड्यांमधून गळणाऱ्या पाण्यावर आम्ही तावातावाने बोलत होतो, तर काका त्यांना अर्ध्या दाढीने खाली घेऊन आले. गालाला फेस तसाच. त्यांना बघून आम्ही सगळ्यांनी त्यांच्या गुलाबाचं कौतुक केलं आणि मीटिंग संपली. पाणी अजून गळतंय.

"अभ्यास कशासाठी करायचा?" काका मला म्हणाले होते. "दुसऱ्याबद्दल खोटं बोललं जाऊ नये म्हणून. बाकी मार्कांबिर्कांचं काही खरं नाही."

एका रविवारी आम्ही बायका राजोडीच्या समुद्रावर गेलो, तर काका किनाऱ्यावर पँट दुमडून बसलेले. शेजारी चटईवर राऊळकाकू. काकूंचं विसरणं तेव्हा नुकतंच वाढायला लागलं होतं. त्या फार बोलत नसत, नुसत्या हसत. काका खेकड्यांच्या बिळांपुढे पुस्तक उघडून मोठ्याने वाचत होते आणि त्यांची चाहूल लागून खेकडे केव्हाच आत गेले होते.

मासळीची पाटी घेऊन चाललेली एक बाई थांबली. "काका, ते तर गेले. कोनाला सांगता?"

"घरातच आहेत. ऐकू जातंय त्यांना."

"वाचा, वाचा. आमी नुसते खातो. कोन कदी बोललं नाय त्यांच्याशी."

काकांची खरी परीक्षा पाहिली ती कोकिळेने. ती आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे पुस्तकात आलं. कावळ्याला सांगायला तर हवं. पण कोकिळा नसताना सांगितलं, तर ती चुगली होते. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत म्हणे. शेवटी दोघंही आंब्यावर आहेत असं बघून त्यांनी खालून पान वाचलं. कोकिळा उडून गेली. कावळ्यांनी पुढे कोकिळेचं पिल्लू भरवून मोठं केलं आणि काका आठवडाभर जिन्यात भेटेल त्याला सांगत होते, "माहीत असूनसुद्धा पोसलं हो!"

या सगळ्यावर आम्ही पुष्कळ हसलो. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी खूळ लागतंच, असा माझा निकाल होता.

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा नीलेश पुण्याहून आला आणि आधी माझ्याकडे वर आला. हळू आवाजात म्हणाला, "काकू, आईला आता माझं नावही आठवत नाही. पुण्यात अशा पेशंटसाठी एक चांगली संस्था आहे. बाबांना इथे एकट्याने झेपत नाहीये. तुम्ही त्यांना जरा समजवा ना."

मला ते पटलं होतं. पण दारात काका उभे होते.

"समक्ष," ते म्हणाले. "खाली चल."

मलाही नेलं. काकू खिडकीशी बसल्या होत्या. नीलेशने मान खाली घातली. "बाबा, तिला काय कळणार आहे?"

"या आजारावरचं पुस्तकही मी तिलाच वाचून दाखवलंय. बोल तू."

तो बोलला. पुण्याची खोली, बाग, नर्स, सगळं सांगितलं. काकूंनी त्याच्याकडे बघितलं, मग काकांकडे.

"कुणाला न्यायचंय?"

"तुला," काका म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी इथेच."

"मग नको," काकू म्हणाल्या. जास्तीचा भात नको म्हणावं, तितक्या सहज.

नीलेश डोळे पुसत म्हणाला, "आज बोलली, बाबा. उद्या तेही बंद होईल. मग काय कराल?"

काका म्हणाले, "डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ते. घरी आलो आणि घाबरलो. जे माणूस उत्तर देणार नाही, त्याच्याशी रोज बोलायचं कसं? मला ते येतच नव्हतं. म्हणून कावळ्यापासून सुरुवात केली." ते ओशाळून हसले. "आता जमतं मला. पाल, झाडं, कुणीही चालतं. हिच्याशीही जमेल."

इतकी वर्षं मी ह्या माणसाला हसले आणि त्याची तयारी कशाची चालली आहे ते कळलं नाही.

काकू पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या होत्या. नीलेशने पुण्याचा विषय परत काढला नाही. थोड्या वेळाने त्याने खुर्ची उचलली, आईच्या समोर आणून ठेवली आणि ऑफिसात हल्ली काय चाललंय ते तिला पहिल्यापासून सांगायला लागला.