सरोजअक्का कर्ता शोधतात

बनशंकरीतल्या आमच्या सरोजअक्कांना 'कप फुटला', 'दार उघडं राहिलं' असली वाक्यं अजिबात खपत नाहीत. "फोडणारं कोण?" त्या लगेच विचारतात. कर्ता सापडेपर्यंत समोरच्याला चहासुद्धा मिळत नाही.

अक्कांचे पूर्वज कधीकाळी मराठी फौजेबरोबर घोड्यांवरून इकडे कानडी मुलुखात आले आणि इथलेच झाले, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी भरपूर. व्याकरण मात्र पक्कं. दर रविवारी त्या आमच्या इमारतीतल्या मुलांना मराठी शिकवतात. क्रियापद पकडायचं, त्याला 'णारा' जोडून 'कोण' विचारायचं, की कर्ता हजर. "मला भूक लागली," असं एकदा एक मुलगा म्हणाला.

"लागणारी कोण रे? भूक. म्हणजे कर्ता ती. तू नुसता बसलायस."

माझ्या लेकीनं, इरानं, एका रविवारी सतरंजीवर ताकाचा पेला उपडा केला.

"अक्का, ताक सांडलं."

"सांडणारं कोण?"

"ताक."

उत्तर व्याकरणात चोख बसत होतं. "सरी, बरोबर," त्या म्हणाल्या. "पैकीच्या पैकी मार्क. आता पुसणारं कोण?"

पुढे पोरं स्केटिंगला, गिटारला पांगली. सहांतली एकटी इरा उरली. एकीसाठी अक्कांना कशाला त्रास, असा साळसूद विचार करून मी त्या रविवारी इराबरोबर वर अक्कांच्या घरी गेले आणि वर्ग थांबवूया म्हणाले. सतरंजीवर सहा ताटल्या मांडलेल्या होत्या आणि पातेलंभर उप्पिट वाफाळत होतं.

अक्का ताटल्या उचलू लागल्या. "सरी. आठवडाभर या घरात कर्ता शोधावाच लागत नाही बघ," त्या हसत म्हणाल्या. "शिजवणारी मी, जेवणारी मी, भांडी घासणारी मी. रविवारी तेवढं स्वल्प शोधायला मिळायचं."

मला स्वतःची लाज वाटली. त्यांच्या हातातली एक ताटली काढून घेऊन मी इराशेजारी मांडी घातली.

"अक्का, मलाही शिकवा."

त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि उठून भिंतीतलं कपाट उघडलं. आत खाकी कव्हरं घातलेल्या कोऱ्या वह्यांची चळत होती, नावांच्या जागा मोकळ्या. वरची वही काढून त्यांनी ठसठशीत अक्षरांत माझं नाव लिहिलं आणि खाली, जराही न अडखळता, 'इयत्ता पहिली'.