भरतीचा ड्रेस

करुणाताईंच्या घरात गोंधळ कधी होत नसे. कारण करुणाताई बोलतच नसत! रोज पहाटे त्रिसरण-पंचशील झालं की साडेनऊपर्यंत त्यांचं मौन. "जगातले निम्मे घोटाळे तोंडामुळे होतात," असं त्या साडेनऊनंतर भेटेल त्याला सांगत.

तेव्हा लेकीच्या वेशभूषा स्पर्धेचं काम त्यांनी चुटकीसरशी उरकायचं ठरवलं. शनिवारी वाचनालयात चित्रकथेतल्या पात्रांची स्पर्धा होती आणि नऊ वर्षांची तेजल 'भरती' होणार होती. भरती ही त्या चित्रकथेची महानायिका. पाठीवर निळा शेला, समुद्रातून उसळणार आणि एका लाटेत चाच्यांची गलबतं पालथी घालणार! "ड्रेस झालाच म्हणून समज," असं आईने कबूल केलं आणि तेजलने ते वर्गभर सांगून टाकलं.

सोमवारी सकाळी नऊला करुणाताई रशीदभाई टेलरच्या दुकानात हजर. गप्पपणे चिठ्ठी पुढे केली. 'भरतीचा ड्रेस. मुलगी, वय नऊ. रंग निळा. शुक्रवारपर्यंत.'

रशीदभाईंनी चष्मा कपाळावर नेला. "भरतीचा? नऊ वर्षांच्या पोरीला?"

करुणाताईंनी मान हलवली.

"आतापासून तयारी! मानलं बाई तुम्हाला. हाफ पँट करू? पळायला बरी."

भरती पळते की पोहते हे करुणाताईंना नक्की ठाऊक नव्हतं. पण मान हलली.

"छातीवर नंबर टाकू?"

महानायिकांच्या छातीवर काहीतरी असतंच! मान हलली.

"पाठीवर पण?"

मान इतक्या जोरात हलली की अंबाडा सैल झाला. एक शब्द न बोलता केवढं काम! करुणाताई स्वतःवरच खूश होऊन कचेरीत गेल्या.

शुक्रवारी संध्याकाळी मायलेकी दुकानात आल्या. तेजलने पिशवी उघडली. आतून निघाली निळी हाफ पँट, निळा बनियन आणि त्यावर पुढेमागे ठसठशीत नंबर, ३४२!

"हे काय?" करुणाताईंनी बनियन उलटसुलट करून पाहिला.

"पोलीस भरती!" रशीदभाई अभिमानाने म्हणाले. "मैदानी परीक्षेला अस्साच लागतो. मोजे आपल्यातर्फे!"

तेजलने असं भोकाड पसरलं की मिरकरवाडा बंदराच्या धक्क्यावर लोकांना वाटावं, बर्फाच्या कारखान्याचा भोंगा झाला! "सगळे हसतील मला! मी उद्या जाणारच नाही!"

"अहो रशीदभाई, मी समुद्राची भरती म्हणत होते हो..."

"मग तोंडाने बोलायचंत ना बाय! चार-चार सवाल केले मी!"

"माझं मौन होतं."

"मौन? मला वाटलं घसा बसलाय! म्हटलं, उगाच त्रास कशाला द्या!"

निळं कापड संपलं होतं. उरला होता पडद्याचा एक तुकडा, अगदी चिखलाच्या रंगाचा. रडणाऱ्या लेकीकडे करुणाताईंना बघवेना. त्यांनी तिच्या दप्तरातून चित्रकथा काढली आणि दुकानातल्या स्टुलावर बसून पानं उलटायला लागल्या. एवढ्या मोठ्या पुस्तकात चिखलाच्या रंगाचं कुणीतरी असेलच की!

होतं! भरतीची मदतनीस, ओहोटी. प्रत्येक गोष्टीच्या शेवटच्या चौकटीत, कोपऱ्यात, पाठमोरी. भरती टाळ्या घेऊन निघून जायची आणि मग ही यायची. घराघरांत शिरलेलं पाणी मागे ओढायची, वाळूत तडफडणारे मासे उचलून पाण्यात सोडायची. एका म्हातारीची वाहून गेलेली चप्पलसुद्धा हिनेच शोधून दिली! आणि सबंध पुस्तकात तिच्या तोंडाजवळ बोलण्याचा एकही फुगा नव्हता. करुणाताईंना तर सख्खी बहीण सापडल्यासारखं झालं!

"तेजू, ही बघ गं, किती गुणाची!"

"शी! ती नुसती मदतीला असते. कुणाला आठवत पण नाही ती."

रशीदभाई खांद्यावरून डोकावले. "कोण म्हणतो? भरतीत मिळतं काय? उलट चपला जातात! खडकावरची कालवं फोडायला आमची अख्खी वस्ती वाट बघते ती ओहोटीचीच!"

कालवं फोडण्याचा भाग करुणाताईंनी जीवहिंसा न करण्याचं शील सांभाळून ऐकलाच नाही. पण तेजलचे हुंदके थांबले. "पण ती बोलतच नाही. मग मी स्टेजवर काय करू?"

"पाठांतर वाचलं की!" रशीदभाई म्हणाले आणि त्यांनी मशीनवर पाय ठेवला.

शनिवारी दुपारी स्टेजवर अकरा भरत्या! अकरा निळे शेले, आणि अकराही जणी "मी आलेऽऽ!" म्हणून किंचाळल्या. एकीच्या शेल्यावर दुसरीचा पाय, दोघी आडव्या! त्यांच्या मागून चिखलाच्या रंगाची तेजल गुपचूप आली. पडलेल्या दोघींना उठवलं, शेले सोडवले, कुणाचीतरी निसटलेली बांगडी उचलून दिली. करुणाताई खुर्चीच्या टोकावर सरकल्या. पोरीला कुणी हसलं तर?

वाचनालयाच्या वेदिकाताईंनी माईक पुढे केला. "आणि तू गं कोण?"

"ओहोटी. या सगळ्या गेल्या की मी मागे थांबते. खुर्च्या उचलते, केर काढते."

सभागृह हसलं, पण असं मायेने हसलं की टाळ्या थांबेचनात! पहिला नंबर तेजलचा! करुणाताईंनी हळूच डोळे पुसले. सगळं कसं छान झालं होतं.

कार्यक्रम संपला. बक्षिसाची ढाल काखेत मारून तेजल अकरा भरत्यांबरोबर आइसक्रीम खायला पसारही झाली. वेदिकाताई हसत हसत आल्या. "करुणाताई, तुमची ओहोटी कुठाय? शिपाई आज रजेवर आहे हो. म्हटलं, पोरगी माईकवर बोललीच आहे तर..."

करुणाताईंनी सभागृहाकडे पाहिलं. दीडशे खुर्च्या! त्यांनी पदर खोचला.

साधारण नव्वदाव्या खुर्चीला त्यांच्या मनात आलं, ओहोटीलाही आई असेलच की! पण ती चित्रात कशी दिसणार? बिचारी चौकटीबाहेर खुर्च्या रचत असेल!