अप्पांच्या गोळीचे प्रताप

समोरचे विश्वनाथअप्पा बोलता बोलता हात वर करून आपल्याला थांबवतात, ऐसपैस जांभई देतात आणि जाहीर करतात, "ही माझी न्हाई हां बाई, गोळीची हाय."

उदगीरच्या आमच्या गल्लीत अप्पांचं भांड्यांचं दुकान. बायको, म्हणजे माझी जिवाभावाची मैत्रीण शांताकाकू, गेली आणि अप्पांनी अंथरूण धरलं. जेवेनात, दुकान उघडेनात. शेवटी मुलीनं लातूरच्या डॉक्टरांकडे नेलं आणि मनाची गोळी सुरू झाली. असलं औषध लोक लपवून घेतात. अप्पांनी दवंडी पिटली! तोंड कोरडं पडलं, गोळी. हात थरथरला, गोळी. भर थंडीत घाम फुटला तर खूश होऊन म्हणाले, "बघा, गोळीच्या कागदावर लिव्हलंय तसंच होऊन राहिलं!" गिऱ्हाईक कुकर घ्यायला यायचं आणि अप्पांच्या बद्धकोष्ठाची हकिकत ऐकून जायचं.

गोळी होती रात्रीची. अप्पांनी परस्पर ती सकाळी पूजेआधी घ्यायला सुरुवात केली, विसर पडू नये म्हणून. कपाळभर भस्म, तळहातावर इष्टलिंग, त्यावर नजर, आणि अप्पा जागच्या जागी गुंग. हाक मारली तरी हलायचे नाहीत. अप्पांना ध्यान लागतं, असा बोभाटा झाला. शेजारच्या गंगाबाई उंबऱ्यावर नारळ ठेवू लागल्या. एका सोमवारी बायका हात जोडून बसलेल्या असताना ध्यानातून चक्क घोरणं ऐकू आलं. अप्पा दचकून जागे झाले.

"उठा अव्वा, उठा! ध्यान न्हाई, गोळीची झोप हाय ही!"

"काई का असंना," गंगाबाई म्हणाल्या, "तोंडावर तेज लई हाय."

तेव्हापासून गोळी पुन्हा रात्रीवर गेली. नारळ मात्र बरेच दिवस येत राहिले.

काकूंच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी अप्पा आमच्या ओट्यावर येऊन बसले. "बाई, गोळी बंद करून राहिलो."

मी हबकलेच. अंथरूण धरलेले अप्पा मी पाहिले होते. "डॉक्टरांना विचारलं का?"

"न्हाई."

"मग? त्रास होतोय?"

"तरास काई न्हाई. भूक लागती, दुकान चालून राहिलं. पन रडू येत न्हाई, बाई. उद्या समाधीवर पोरगी रडंल, भाऊबंद रडतील आन् मी कोरडा बसंन. शांताला काय वाटंल?"

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावून दिला. होतं असं कधीकधी, ते म्हणाले. पण गोळी एकदम तोडायची नाही, येऊन भेटा, काय बदलायचं ते बघू. अप्पांनी निमूट ऐकलं आणि त्या रात्री गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी समाधीला फुलं वाहिली, बेल वाहिला. मुलगी हमसून रडली. अप्पांनी दोनदा डोळे चोळून पाहिले. मग माझ्याकडे सरकले.

"बाई, माझ्या वाटचं तुमी रडता का?"

मला शांताकाकूसाठी रडायचंच होतं. मी पोटभर रडले. माझं संपेपर्यंत अप्पा शेजारी हात जोडून बसून होते.