माशीची आठवण आणि तिवस्याची बस

"सूनबाई, माही बहीण तिवस्यात एकटी हाय. महिन्यातून एक डाव गोदीले भेटत जा," असं सासूबाई, मनकर्णाबाई, शेवटच्या दुखण्यात म्हणाल्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं. त्याला सात वर्षं झाली.

मनुष्यप्राणी स्मरणामुळे श्रेष्ठ ठरतो. पिकल्या केळ्यावरची माशी त्या मानाने क्षुद्र. मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा. माझी पुतणी प्रतीक्षा अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत या माशांना शिकवते. एक वास द्यायचा, सोबत विजेचा हलका झटका. मध्ये विश्रांती देत दहा वेळा शिकवलं, की माशी तो वास आठवडाभर टाळते. (मतदारांवर हा प्रयोग दर पाच वर्षांनी होतो. निष्कर्ष अद्याप हाती आलेले नाहीत.)

काल, बुधवारी, आम्ही तिच्याकडे गेलो. तिने दोन बाटल्या दाखवल्या.

"काकू, ह्या माश्याइले याद राहते. त्या बाटलीतल्या शिकते, पण दुसऱ्या दिवशी कोऱ्या. एक जनुक बिघडवलं, की मेंदूतला आठवणीचा भाग नीट वाढतच नाही."

"झटके त मले बी रोज बसते, पोरी. याद काही राहत नाही," यजमान महादेवराव म्हणाले. (बुधवारी मी रागावत नाही.)

"काकू, गोदाआजी फोनवर इचारत होती, सूनबाईचे उपास कधी सरते म्हून."

यजमान एकदम बाटलीतल्या माशा मोजू लागले.

वस्तुस्थिती अशी : सात वर्षांत एकादश्या एकशे त्र्याहत्तर, मोडलेल्या शून्य. तिवस्याच्या फेऱ्याही शून्य. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी पोथी, शुक्रवारी देवी, शनिवारी मारुती. बुधवारी उपासाचं सामान भरायचं. रविवारी बसला गर्दी. अमरावतीहून तिवसा तासाभरावर. देव त्याहून जवळ (देव्हारा स्वयंपाकघरातच आहे).

"माझंही एखादं जनुक बिघडलं असेल का गं?" मी हळूच, जरा आशेनं विचारलं.

"नाही वो काकू. तुमाले त सारं याद हाय."

आज गुरुवार. पोथी बासनात तशीच ठेवून मी बसमध्ये येऊन बसले आहे. पिशवीत शेंदूरजनाघाटची संत्री आहेत, त्यांवर एक माशी. शेजारची जागा रिकामी आहे. तुम्हीही कुणाला तरी "येतो एकदा" म्हणाला असालच. जनुकांचं कारण चालत नाही, मी विचारून आले आहे.

या, सरकते मी.