सूर्यभानजींचं नेहमीचं

सूर्यभानजी रविवारी पहाटे झोपेतच गेले, आणि पार्वताबाईंशी न बोलता गेले. खरं पाहिलं तर बोलणं पार्वताबाईंनीच बंद केलं होतं, गुरुवारपासून. पण माणूस गेल्यावर, आधी कोण रुसलं होतं हे कोणाला सांगत बसायचं?

दिवाळी झाली तसा म्हातारा रोज चार वाजता टोपी घालून निघायचा आणि साडेपाचला परत यायचा. कुठं जाता म्हणून विचारलं की एकच उत्तर, "हवा खायले." त्या गुरुवारी सदरा धुवायला घेतला तर खिशात कागदी रुमाल निघाला. चिकट. पार्वताबाईंनी तो दोन बोटांत धरून नवऱ्याच्या नाकासमोर नेला.

"हवा चिकट असते काय?"

"असते कधी कधी," सूर्यभानजी म्हणाले.

"मंग हवाच खा. माह्या हातची भाकर मागू नका."

तीन दिवस सुनेनं वाढलं. चौथ्या दिवशी वाढायला माणूसच उरला नाही. पन्नास वर्षांच्या संसारात पार्वताबाई नवऱ्याला बोलल्या नाहीत असा दिवस विरळाच, पण शेवटचं बोलणं हे असं निघालं. ते शब्द त्यांना परत घ्यायचे होते. घरात ते जमेना. नणंद गंगूबाई सकाळच्या पहिल्या गाडीनं दर्यापुराहून आल्या आणि भावाच्या उशाशी बसल्या त्या उठेचनात. रडताना त्यांचा सूर असा लागायचा की शेजारच्या आळीतली माणसंही इकडेच यायची. अशा गर्दीत नवऱ्याच्या कानाशी काय बोलणार?

म्हणून पार्वताबाईंचा सगळा जीव विसाव्यात अडकला होता.

टाकळीची रीत अशी, की मयत निघाली की बाया नाक्यापर्यंत येतात. नाक्यावर निंबाखाली एक ओटा होता. तिथं तिरडी टेकवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या, बायांनी शेवटचं तोंड पाहायचं. घरच्या बाईनं कानाशी वाकून मनातलं काय ते बोलायचं, आणि मागं न पाहता घरी फिरायचं. सूर्यभानजींची माय तिथंच टेकली होती, थोरला भाऊ तिथंच. आता निंब नव्हता. ओटाही नव्हता. त्या जागी हॅपी हंग्री होतं.

हे हॅपी हंग्री म्हणजे बर्गरचं मोठं दुकान. आधी अकोल्यात जठारपेठेत आलं, तिथं गर्दी मावेना म्हणून दिवाळीत अकोट रोडवर टाकळी नाक्याला आलं. कंपनीच्या माणसांनी म्हणे पाहणी केली होती, आणि या नाक्यावर गाड्या फार वेळ थांबतात असं त्यांना दिसलं. पुढं सरकायला जागा नसते म्हणून त्या थांबतात, हे सांगायला त्यांना गावातलं कोणी भेटलं नाही. अकोटची एस.टी., ऑटो, कापसाचे ट्रॅक्टर, शाळेच्या व्हॅन हे सगळं आधीच एकमेकांच्या अंगावर चढलेलं असायचं. त्यात आता गाडीतून न उतरता बर्गर घेणारे आले.

"आई, विसावा कुठं राह्यला आता?" मुलगा श्याम म्हणाला. बायकोला गावी ठेवून तो अमरावतीला बँकेत होता आणि बापाच्या मरणातही घड्याळ पाहत होता. "स्वर्गरथ सांगितला आहे. सरळ मोक्षधामला नेऊ. दिवस लहान आहे."

"तुह्या आजीचा विसावा तठी झाला. तुह्या मोठ्या बाबाचा तठी झाला. तुह्या बापाचा काय तुह्या बँकेच्या पायरीवर करू?"

"अवं, पण तिथं दुकान आहे!"

"दुकानाच्या खाली जमीन तं तेच आहे न?"

श्यामनं पुन्हा घड्याळ पाहिलं आणि स्वर्गरथवाल्याला फोन लावला.

तीन वाजता स्वर्गरथ निघाला. पार्वताबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांना पुढं ड्रायव्हर देवीदासच्या शेजारी बसवलं. मागं सूर्यभानजी आणि चार माणसं. गाडीपुढं श्याम, हातात विस्तवाचं मडकं. बाया पायी. पाचशे पावलांवर गाडी थांबली ती थांबलीच. रविवार होता आणि हॅपी हंग्रीत एकावर एक फुकट होतं. शेजारून जाणारे मोटरसायकलवाले हात जोडायचे, आणि जोडलेले हात सोडले की लगेच हॉर्न वाजवायचे. बाया मात्र गाड्यांमधून वाट काढत पुढं निघून गेल्या. पोचवणाऱ्या पोचल्या आणि ज्याला पोचवायचं तो मागंच.

"आजी, आता नेमकं कुठं थांबवू?" नाका आल्यावर देवीदासनं विचारलं.

"निंब व्हता तठी."

देवीदास टाकळीचाच. त्याला निंबाची जागा बरोबर आठवत होती. त्या जागेकडे जाणारा एकच रस्ता दिसत होता, त्यावर पिवळा बाण काढलेला होता. त्यानं गाडी बाणावर घातली. दोन्हीकडून सिमेंटचे कठडे आले, समोर आडवा दांडा आला, आणि मागं लगेच एक पांढरी कार येऊन चिकटली. तिच्यामागं आणखी सहा.

दांड्याशेजारच्या खांबातून बाईचा गोड आवाज आला, "हॅपी हंग्रीत आपलं आनंदानं स्वागत आहे! आज काय घेणार?"

श्याम मडकं सांभाळत खांबाकडे धावला. "काही नाही घ्यायचं! मयत आहे आमच्याकडे!"

"माफ करा, हा पदार्थ उपलब्ध नाही. दुसरं काही घेणार?"

मडक्याचा धूर दुकानात शिरला तसा मॅनेजर पळत आला. गळ्यात पट्टा, डोक्यावर कागदी टोपी. "सर, इथं धूर चालत नाही."

"माहा बाप मेला आहे!"

"सॉरी सर," मॅनेजर म्हणाला. त्यानं गाडीत पाहिलं, कागदी टोपी काढली, ती कुठं ठेवावी कळेना म्हणून पुन्हा घातली. "पण सर, ऑर्डर झाल्याशिवाय दांडा वर जात नाही. सिस्टिमच तशी आहे. एक काहीतरी सांगून टाका, लगेच उघडते."

"मागं घ्या न गाडी!" देवीदास खिडकीतून ओरडला.

मागच्या कारवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "आम्ही कुठं घेऊ? आमच्या मागं रोडपर्यंत लाईन आहे. पोराचा वाढदिवस आहे राजेहो!"

गंगूबाईंनी कठड्याच्या पलीकडून सूर लावला. "अरे माह्या दादा! जन्मभर कोणाची वाट अडवली नाई रे तू! आता दांड्यानं तुही वाट अडवली रे!"

"गंगूबाई, दम खा," पार्वताबाई गाडीतून म्हणाल्या. "दांड्याले ऐकू येत नाई."

श्याम खांबाला तोंड लावून म्हणाला, "द्या काहीही!"

"माफ करा, काहीही उपलब्ध नाही."

"मोबाईल नंबर टाका सर, लवकर होते," मॅनेजर म्हणाला. "त्यावर चार आकडे येतात, ते दाबायचे."

श्यामचा स्वतःचा फोन घरी चार्जिंगला होता. हातात बापाचा फोन होता, सकाळपासून त्यावरच सगळ्यांचे फोन येत होते. चार आकडे याच फोनवर यायला हवे, म्हणून त्यानं बापाचाच नंबर टाकला आणि आलेले आकडे दाबले.

खांबावरचा पडदा उजळला. त्यात रंगीत फुगे उडाले. वाजंत्री वाजली. आणि ती बाई नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सूर्यभानजी, पुन्हा आलात, आनंद झाला! आज आपली एकेचाळिसावी भेट! नेहमीचंच द्यायचं का?"

गंगूबाईंचा सूर मध्येच तुटला. स्वर्गरथात मागं बसलेल्या चार माणसांनी सूर्यभानजींकडे पाहिलं. हॉर्न वाजवणाऱ्यांनी हॉर्न थांबवले.

"थांब," पार्वताबाई म्हणाल्या. "काय म्हणून राह्यली ते? नेहमीचं?"

"आई, मशीन आहे ते. चुकते कधी कधी."

"मशीन कायले खोटं बोलंन? तिले कोणाची भीती आहे?" त्यांनी खिडकीतून खांबाकडे तोंड केलं. "ए बाई! कोणतं नेहमीचं?"

"व्हॅनिला सॉफ्टी, एक. चॉकलेट जास्त."

"अवं माय!" गंगूबाई म्हणाल्या. "दादाले तं शुगर व्हती!"

"चारशे व्हती," पार्वताबाई म्हणाल्या. "मी रोज रात्री मेथ्या भिजू घालत व्हती. अन् हे चॉकलेट जास्त!"

त्यांनी वळून गाडीच्या मधल्या जाळीतून मागं पाहिलं. म्हणजे अशा नजरेनं पाहिलं, की मागं बसलेल्या चारही माणसांनी नकळत माना खाली घातल्या. सूर्यभानजींना मात्र आता घाबरण्याचं कारण नव्हतं.

श्यामनं घाईघाईनं "हो" दाबलं. दांडा वर गेला. गाडी वीस हात पुढं सरकली आणि एका खिडकीसमोर देवीदासनं ब्रेक लावला. "आजी, हेच जागा. अठीच व्हता निंब."

माणसांनी तिरडी उतरवली आणि खिडकीखाली टेकवली. खिडकीत एक मुलगी सॉफ्टी आईस्क्रीमचा कोन धरून उभी होती. गावातल्या माणिकबाईची नात, आरती, सकाळपासून इथंच कामावर. ओठांवर शिकवलेलं हसू होतं, तोंडात शिकवलेलं वाक्य होतं. तिनं खाली पाहिलं आणि दोन्ही विसरली.

"आजोबा?"

ती बाजूच्या दारानं बाहेर आली. सॉफ्टी हातातच. "काल तर आले होते," ती म्हणाली. "काल चांगले होते."

"रोज यायचा काय म्हातारा?" पार्वताबाईंनी विचारलं. देवीदासच्या आधारानं त्या कशाबशा खाली उतरल्या होत्या.

"रोज, आजी. मी म्हणायची, आत एसीत बसा. तर नाही. इथं कठड्याजवळ खुर्ची मागायचे. म्हणायचे, माही माय अठी टेकली, भाऊ टेकला, मलेही अठीच टेकाचं आहे, जागा पाहून ठेवतो. मला वाटायचं गंमत करतात." आरतीनं डोळे पुसले आणि कठड्याजवळची लाल प्लास्टिकची खुर्ची पुढं आणली. "तुम्ही बसा. आजोबांनी सांगून ठेवलं होतं. म्हणे, माही बुढी येईन एक दिवस. तिचे गुडघे गेले आहेत, तिले उभं ठेवजो नको. अन् ते तुले चार गोष्टी सुनावंन, मनावर घेजो नको."

पार्वताबाई खुर्चीत बसल्या. चार गोष्टी जिभेवर होत्या, पण नवऱ्यानं आधीच सांगून ठेवल्यावर त्या बोलायच्या तरी कशा?

"काल काही बोलले काय?" त्यांनी हळू विचारलं. एवढं हळू बोललेलं श्यामनं आईला कधी ऐकलं नव्हतं.

"बोलले ना. म्हणाले, बुढी रागावली आहे, म्हणून आज चॉकलेट जास्तच टाक. मी म्हटलं, मग मनवा ना आजीला. तर म्हणाले, मनवाची गरज नाई पोरी. तिचा राग चार दिवसांचा असते. सोमवारी बोलतेच ते."

नाक्यावर कुठंतरी एस.टी.नं हॉर्न दिला.  मागच्या कारमधला वाढदिवसाचा पोरगा काचेला नाक लावून पाहत होता.

"आज रविवार आहे," पार्वताबाई म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही. मग तिरडीकडे पाहून म्हणाल्या, "एक दिवस थांबता येत नव्हतं?"

खांदेकऱ्यांनी जागा बदलल्या. बायांनी एकेक करून तोंड पाहिलं. गंगूबाई रडल्या, पण या वेळी सूर लागला नाही, खरंच रडल्या. मग सगळ्या मागं सरकल्या. पार्वताबाईंनी खुर्चीतूनच वाकून नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. सकाळपासून जे परत घ्यायचं म्हणून घोकलं होतं, ते परत घ्यायची गरजच उरली नव्हती. त्या म्हणाल्या, "हवाच खा म्हटलं व्हतं मी. माहं ऐकलं नाई ते बरं केलं."

तिरडी गाडीत गेली. पुढचा दांडा आपोआप वर झाला. श्याम मडकं घेऊन पुढं, स्वर्गरथ त्याच्यामागं, आणि खिडकीतलं यंत्र म्हणालं, "पुन्हा या!"

"वैनी, उठा," गंगूबाई म्हणाल्या. "मागं पाहू नका. घरी चला."

पण पार्वताबाई उठेनात. आरतीच्या हातातली सॉफ्टी मनगटापर्यंत ओघळली होती. कोणाला द्यावी, टाकावी कशी, तिला कळत नव्हतं. पार्वताबाईंनी ती तिच्या हातून घेतली, एकदा चाटली आणि तोंड वाकडं केलं.

"भलतंच गोड आहे," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा चाटली.

"वैनी!" गंगूबाईंनी तोंडाला पदर लावला. "लोक पाहून राह्यले!"

"पाहू द्या. त्यायच्या नावची आहे. टाकून देऊ काय?"

संपेपर्यंत त्यांनी ती खाल्ली. चिकट हात आरतीनं दिलेल्या कागदी रुमालाला पुसले, रुमालाची नीट घडी घातली आणि कमरेला खोचली. मग गंगूबाईंच्या खांद्यावर भार देऊन उभ्या राहिल्या. मागून मॅनेजर आला होता. रस्ता मोकळा झाला, आता खुर्ची आत न्यावी म्हणून त्यानं तिला हात घातला.

"राहू दे तठीच," पार्वताबाई म्हणाल्या, आणि मग आरतीकडे वळल्या. "तेरवी होऊ दे पोरी. मंग येतो मी चार वाजता. तोवर हे खुर्ची कोणाले हलवू देजो नको."

"अन् घरी काय सांगसान?" गंगूबाईंनी विचारलं.

पार्वताबाई मागं न पाहता चालू लागल्या होत्या.

"सांगीन," त्या म्हणाल्या, "हवा खायले गेल्ती."