बारा फुटांवरचा ड्रोन

चार दिवसांत ड्रोन शिकता येतो, असं मी मोठ्या बाईंना छातीठोकपणे सांगितलं तेव्हा ड्रोन घरी येऊन दोनच दिवस झाले होते. त्यातला एक दिवस बॅटरी चार्ज करण्यात आणि दुसरा पुस्तिकेतली सूचना क्रमांक सात समजून घेण्यात गेला होता.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेला पन्नास वर्षं होत होती. रविवारी सकाळी सगळे आजीमाजी विद्यार्थी मैदानावर उभे राहून ‘५०’ हा आकडा करणार होते आणि त्याचा फोटो वरून काढायचा होता.

“वरून म्हणजे चांगला वरून हं,” बाई म्हणाल्या होत्या. “आकडा कळला पाहिजे.”

“बाई, अहो, पक्ष्याला दिसतो तसा देतो,” मी म्हणालो.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, माझा सत्तावीस वर्षांचा स्टुडिओ आहे आणि त्या सत्तावीस वर्षांत मी एकही फोटो उंचावरून काढलेला नाही. मला उंचीची भीती वाटते. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी माझ्या पोटऱ्यांना मुंग्या येतात. घरचे बल्ब बायको बदलते. लग्नाच्या हॉलमध्ये वरच्या गॅलरीतून फोटो काढायची वेळ आली की मी म्हणतो, “खालून अँगल जास्त नैसर्गिक येतो.” लोकांना ते पटतं. कॅमेरा गळ्यात असला की माणसाचं बरंच काही पटतं.

त्यात माझे वडील वीज खात्यात लाइनमन होते. छत्तीस वर्षं खांबांवर. मी लहान असताना आई डबा देऊन मला पाठवायची आणि मी खांबाखाली उभा राहून, डोळे घट्ट मिटून, “बाबा, डबा” असं ओरडायचो. वर बघायचो नाही. बाबा कधी काही बोलले नाहीत, पण एवढ्या उंच माणसाच्या पोटी हे असलं जमिनीला चिकटलेलं पोर आलं, याचं त्यांना वाईट वाटत असणार असं मी आपलं धरून चाललो होतो.

तर ड्रोन हा माझ्यासाठी साधा कॅमेरा नव्हता. पाय जमिनीवर ठेवून आभाळात जायची ती सोय होती.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी रंगीत तालीम करायला मैदानावर गेलो. बाबांना बरोबर घेतलं. सूचना क्रमांक सातप्रमाणे हा ड्रोन चालत्या माणसाचा आपोआप पाठलाग करू शकत होता. रिमोटला मोबाइल अडकवायचा, पडद्यावर त्या माणसाभोवती बोटाने चौकट काढायची, चौकट हिरवी झाली की तो जाईल तिकडे ड्रोन जाणार. बाबांच्या डोक्यावर त्यांची पिवळी टोपी होती. वरून ओळखायला सोपी.

“बाबा, तुम्ही मैदानाच्या कडेने नेहमीसारखे चाला.”

“नेहमीसारखा म्हणजे कसा?”

“म्हणजे कोणी बघत नाहीये असं समजून.”

बाबा कवायतीला निघाल्यासारखे चालू लागले. हात ताठ, मान ताठ, नजर समोर. मी चौकट काढली. ती हिरवी झाली. ड्रोन त्यांच्या मागे मांजरासारखा निघाला आणि माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. दोन मिनिटं मी जगातला सर्वात हुशार माणूस होतो.

मग बाबांना ऊन लागलं आणि ते झाडाखाली जाऊन बसले.

पडद्यावरची टोपी गायब झाली. ड्रोन जागच्या जागी घुटमळला, जरा वळला, आणि चौकट पुन्हा हिरवी झाली. मला वाटलं, सापडले बाबा. पण पडद्यावरची पिवळी वस्तू टोपीच्या मानाने बरीच मोठी होती. नीट बघितलं तर ती छत्री होती, आणि छत्रीखाली मोठ्या बाई ऑफिसातून निघून शाळेच्या हॉलकडे चालल्या होत्या.

बाई चालल्या, ड्रोन चालला. बाई थांबल्या, ड्रोन थांबला. बाईंनी छत्री बाजूला करून वर पाहिलं आणि चालण्याचा वेग वाढवला. ड्रोननेही वाढवला. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, गोलपोस्टमागे उभा होतो. पाठलाग थांबवायचं बटण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात आहे, हे मला आठवलं. मी बोट तिकडे नेलं आणि तेवढ्यात पडदाभर मोठ्या बाईंचा चेहरा आला. त्या मला फोन करत होत्या.

ज्या मोबाइलवर ड्रोन दिसतो त्याच मोबाइलवर फोनही येतो, ही गोष्ट पुस्तिकेत का लिहीत नाहीत कोण जाणे. मी फोन कापला. तो पुन्हा आला. मी पुन्हा कापला. तिसऱ्यांदा घाईत कापायच्या ऐवजी उचलला गेला.

“फोटोवाले, तुम्ही माझा फोन कापताय?”

“नाही बाई, बटण शोधतोय.”

“तुमची ती वस्तू माझ्या मागे लागली आहे.”

“तुमच्या मागे नाही बाई, छत्रीच्या मागे आहे. तुम्ही छत्री मिटा.”

“मिटल्यावर माझ्या मागे लागली तर?”

बाईंनी धीर करून छत्री मिटली आणि त्या पळत हॉलच्या पोर्चखाली शिरल्या. पडद्यावर आता पिवळं काहीच नव्हतं. ड्रोन पोर्चच्या समोर तरंगत राहिला आणि बॅटरी संपत आल्याचं सांगत रिमोट टीं टीं करू लागला. आता त्याला माझ्याकडे आणायचं होतं. मी रिमोटवरची काडी डावीकडे ओढली. पण ड्रोनचं तोंड माझ्याकडे असलं की त्याचं डावं ते माझं उजवं होतं, हे सूचना क्रमांक आठमध्ये होतं आणि मी सातपर्यंतच पोचलो होतो. तो भलतीकडे गेला, मी घाबरून दुसरी काडी ओढली, आणि तो सरळ पोर्चच्या स्लॅबवर जाऊन बसला. पडद्यावर करडी फरशी आणि वर थोडं आभाळ. मग पंखे थांबले.

मी धावत पोचलो तोवर बाबाही आले होते.

“कुठे गेला?”

“वर आहे.”

“किती वर?”

“बारा फूट असेल.”

बाबांनी मान वर केली, एक डोळा बारीक केला. “अकरा-आठ,” ते म्हणाले.

त्या स्लॅबवर जायला जिना नव्हता. हॉलच्या खिडक्याही दुसऱ्या बाजूला. बाईंनी सामानाची खोली उघडली आणि आम्ही तिघांनी मिळून एक लाकडी शिडी बाहेर काढली. बाबांनी ती पालथी घातली, प्रत्येक पायरी हाताने हलवून बघितली, भिंतीला किती तिरकी लावायची ते पावलांनी मोजलं. त्यांचा चेहरा बदलला होता. गेली तीन वर्षं, गुडघ्याच्या ऑपरेशनपासून, ते खुर्चीतून उठतानासुद्धा आधी विचार करायचे. आता ते शिडीला दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि त्यांचा एक पाय पहिल्या पायरीवर होता.

“बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय.”

“डॉक्टरांना काय कळतंय शिडीतलं?” ते म्हणाले आणि दुसरा पाय उचलू लागले.

तो पाय उचलला गेला नाही. गुडघा थरथरायला लागला, इतका की पँट हलताना दिसली. बाबांनी क्षणभर तिकडे पाहिलं. मग काहीच झालं नाही असं दाखवत पाय खाली घेतला आणि पायरीवरची धूळ रुमालाने पुसली, जणू त्यासाठीच पाय ठेवला होता.

बाईंनी दुसरीकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “मी चढते हवं तर.”

आणि मी, ज्याला स्टुलावर मुंग्या येतात तो मी, म्हणालो, “नको बाई. मी चढतो.”

बोललो आणि मला स्वतःलाच धक्का बसला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंना म्हणाले, “बाई, एक तांब्याभर पाणी मिळेल का?” बाई आत गेल्या. त्या गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, “तुला भीती वाटते ना?”

“तुम्हाला माहीत आहे?”

“डबा आणायचास तेव्हा डोळे मिटून यायचास. एकदा खांबाला धडकला होतास. मी वरून बघत होतो.”

मी शिडीकडे बघितलं.

“मलाही वाटायची,” बाबा म्हणाले.

“कधी?”

“रोज. छत्तीस वर्षं. पहिल्या तीन पायऱ्यांना पोटात गोळा यायचा. चौथीला कामाकडे लक्ष गेलं की विसरायचो. तुझ्या आईला सांगितलं नाही, तिने नोकरी सोडायला लावली असती. तुला सांगायला हवं होतं. राहून गेलं.” त्यांनी शिडी घट्ट धरली. “तीनच पायऱ्या आहेत. पुढचं सगळं काम.”

मी चढलो. पहिल्या पायरीला पोटऱ्या गेल्या, दुसरीला मी देवाचं नाव घेतलं, तिसरीला मी शिडीला असा बिलगलो की कोणी बघितलं असतं तर शिडीला माझं नाव लावलं असतं.

“खाली बघू नकोस,” बाबा खालून सांगत होते. “हाताकडे बघ. हात कुठे आहे?”

“पायरीवर.”

“मग आता दुसरा हात. मी धरलंय. हलणार नाही.”

चौथी. पाचवी. खरंच सांगतो, चौथीला भीती गेली नाही. पण बाबांचा आवाज इतका शांत होता की भीती बाळगणं उद्धटपणाचं वाटायला लागलं. शेवटी हनुवटी स्लॅबला लागली. ड्रोन हातभर अंतरावर होता. त्याच्या आजूबाजूला पन्नास वर्षांत वर गेलेलं आणि कधीच खाली न आलेलं शाळेचं आयुष्य पडलं होतं: सात चेंडू, एक डब्याचं झाकण, दोन फुलं बॅडमिंटनची आणि एक बूट. ड्रोन छातीशी धरून मी एकेक पायरी उतरलो. जमिनीला पाय लागले. बाबांनी पाठीवर हात ठेवला.

“जमलं की,” ते म्हणाले.

बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. मी ड्रोन सांभाळून माझ्या मागे पोर्चच्या पायरीवर ठेवला, तांब्या घेतला, आणि तेव्हा माझ्या गुडघ्यांना झालं ते सगळं एकदम आठवलं. ते वाकले. मी मटकन खाली बसलो.

ड्रोनवर.

आवाज फार मोठा झाला नाही. बाबा म्हणाले, “उठू नकोस, आधी बाईंना बघू दे काही टोचतंय का.” बाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. मी आधी समजलो, रडताहेत.

रविवारी सकाळी चारशे माणसं मैदानावर ‘५०’ करून उभी होती आणि मी गळ्यात जुना कॅमेरा अडकवून त्याच शिडीसमोर. खाली बाबा. चढून मी स्लॅबवर चक्क उभा राहिलो आणि फोटो काढले. बारा फुटांवरून, म्हणजे अकरा-आठवरून, पन्नासचा आकडा पुष्कळच चपटा येतो. पाच हा तीनसारखा दिसतो आणि शून्य हे भाकरीसारखं. पण माणसांचे चेहरे ओळखू येतात, आणि त्या फोटोसमोर लोक तासतासभर उभे राहून “हा कोण, हा आपला बाकावरचा” असं करत बसतात. बाईंनी तो हॉलमध्ये लावला. नवा आलेला शिक्षक विचारतो, “शाळेला तीस वर्षं झाली का?” तेव्हा बाई माझ्याकडे बोट दाखवतात.

ड्रोन दुरुस्त होऊन आला तेव्हा बाबा म्हणाले, “मी बघू का जरा?” मी रिमोट हातात दिला. त्यांनी सूचना क्रमांक एकपासून चोवीसपर्यंत सगळ्या वाचल्या, चष्मा पुसला, आणि ड्रोन असा सरळ वर नेला की पानसुद्धा हललं नाही. पडद्यावर गल्ली लहान होत गेली. छपरं, टाक्या, तारा. बाबांनी ड्रोन हळूच एकदा गोल फिरवला. मग म्हणाले, “खांबावरून दिसायचं तसंच दिसतंय.”

आता बाहेरच्या कामांना आम्ही दोघं जातो. गिऱ्हाइकं बाबांनाच विचारतात, कुठून घेणार, किती वर नेणार. मी बॅटऱ्यांची पिशवी धरतो. परवा एका ठिकाणी मी जरा पुढे होऊन, मालक म्हणून, काही सुचवायला गेलो, तर बाबांनी पडद्यावरून नजर न काढता सांगितलं,

“तू बाजूला हो. मधे येतोयस.”

झालो बाजूला.