आबा नागावकरांचा शनिवार

आबा नागावकर शनिवारी सकाळी वारले. समोरच्या बिऱ्हाडातले अबू नबील त्यांचा गॅस पेटवायला आले होते. चहा झाला. आबा खुर्चीतून उठले नाहीत.

आबा शनिवारी गॅस पेटवत नसत. काडी, लायटर, दिव्याचं बटण, कशालाच हात लावत नसत. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत ते उपकरणं दुरुस्त करत. त्या काळी कुवेतमध्ये शुक्रवारी सुट्टी असे आणि शनिवारी कामाचा आठवडा सुरू होई. आबा इतरांच्या शुक्रवारच्या दिवसपाळ्या घेत आणि बदल्यात शनिवार मागून घेत. शुक्रवार सगळ्यांनाच हवा असतो आणि शनिवार कोणालाच नको असतो. त्यामुळे ते रिफायनरीत फार लोकप्रिय होते.

हवल्लीतल्या आमच्या इमारतीत मराठी बिऱ्हाडं बरीच. त्यांनी या शनिवारचा उलगडा केव्हाच केला होता. आबा मारुतीचे उपासक. लग्न केलेलं नाही, शनिवारी अग्नी वर्ज्य, आणखी पुरावा काय हवा? शिवाय अलिबागजवळच्या नागावचा माणूस कोळंबी खात नाही, खेकड्याला शिवत नाही, हे व्रताशिवाय शक्यच नव्हतं. पापलेट मात्र चालत असे. "खवल्यांचं चालतं," एवढंच आबा म्हणत. यावर तिथल्या मराठी मंडळाचे चिटणीस देशपांडे म्हणत, "प्रत्येक गुरूचं वेगळं असतं."

एका वर्षी देशपांड्यांनी त्यांच्यासाठी सुट्टीवरून येताना मारुतीची तसबीर आणली. आबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, "जपून ठेवीन" म्हणाले, आणि इतकी जपून ठेवली की ती पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडली नाही.

"लोकांची श्रद्धा कशाला मोडा, ताई," असं ते मला एकदा म्हणाले. मी तो त्यांचा विनय समजले.

शनिवारी सकाळी आबा दार उघडं टाकून खुर्चीत बसत. गॅस पेटवा असं ते कधी म्हणाले नाहीत. "आज चहाची हवा आहे," असं भर जूनमध्ये जिन्याकडे बघून म्हणत. मग अबू नबील बडबडत येत, गॅस पेटवत, आधण ठेवत, टीव्ही लावत.

अबू नबील निवृत्त भूगोलशिक्षक. मूळ गाव इस्दूद. इस्रायल झालं तेव्हा, लहानपणी ते सुटलं, मग गाझाची छावणी, मग कुवेत. इराकी फौजा गेल्यावर हवल्लीतले बहुतेक पॅलेस्टिनी देश सोडून गेले. अबू नबीलजवळ इजिप्तने दिलेलं प्रवासपत्र होतं. ते कोणताच देश मानत नसे, इजिप्तसुद्धा. म्हणून ते राहिले. मी इस्पितळात रक्त तपासते, पण ते मला डॉक्टरच म्हणत.

बातम्यांत नकाशा दिसला की अबू नबील उठत आणि पायातल्या चपलेने पडद्यावरची सीमा दुरुस्त करत. टीव्ही आबांचा होता. दोघांची भाषा हवल्लीची, निम्मी अरबी आणि निम्मी हिंदी. वॉशिंग्टनच्या हिरवळीवर इस्रायलच्या आणि पॅलेस्टिनींच्या पुढाऱ्यांनी हात मिळवले त्या संध्याकाळी मी तिथेच होते.

"अपने को क्या, अपन किरायेदार," आबा म्हणाले. गळक्या नळापासून जेरुसलेमपर्यंत त्यांचं हेच मत असे.

"तू किरायेदार. मेरा तो घर था."

"मालूम है."

"उसमें दूसरा बैठा है. बोलता है, खुदा ने दिया."

"खुदा दोनों को बोला होगा."

"तो लिख के क्यों नहीं दिया?"

"दिया ना," आबा म्हणाले. "दोनों को दिया. वही तो लफडा है."

अबू नबीलनी चप्पल पायात घातली आणि चहाचा दुसरा कप मागितला.

पुढे बातम्या वाईट होत गेल्या. गाझाची बातमी आली की आबा आवाज कमी करायला सांगत. इस्रायलमध्ये बस उडवल्याची बातमी आली की अबू नबील न सांगता आवाज कमी करत. हे मला चमत्कारिक वाटे, पण मी विचारलं नाही.

आबा गेले त्या दुपारी देशपांड्यांनी सगळी व्यवस्था हाती घेतली. देह मुंबईला न्यायचा, ठाण्याचा चुलतभाऊ येईल, विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार. मी घरी आले तर अबू नबील माझ्या दारात उभे.

"डॉक्टर, उसको आग नहीं."

मी म्हटलं, "हमारे में आग ही देते हैं."

"वो तुम्हारे में नहीं. यहूदी है." घरनंबर सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

"उन्होंने बताया?"

"कभी नहीं. मैंने पूछा भी नहीं. इतने साल उसका चूल्हा मैंने जलाया. जो शनिवार को काडी नहीं छूता था, उसी को जलाने की बात करते हो?"

मग मला अलिबागकडचे शनवार तेली आठवले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, खवल्यांशिवायचा मासा न खाणारे, शेकडो वर्षं मराठी बोलणारे बेने इस्रायल यहूदी. पुस्तकात वाचले होते, समोर कधी बसलेले पाहिले नव्हते, असं मला वाटत होतं.

कुवेतमध्ये 'यहूदी' हा शब्द मोठ्याने उच्चारण्यासारखा नव्हता. मी देशपांड्यांना सांगितलं की आबा नैष्ठिक ब्रह्मचारी होते, अशा उपासकाला संन्याशासारखी भूसमाधी देतात.

"मला वाटलंच होतं," देशपांडे म्हणाले. शोकसभेत त्यांनी आबांच्या मारुतीभक्तीवर भाषण केलं. पुढच्या रांगेत बसलेले अबू नबील, एक शब्द कळत नसताना, प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

इस्पितळातल्या माझ्या ओळखीने अबू नबीलना शवागारात जाता आलं. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले तेव्हा बाह्या ओल्या होत्या.

मी ठाण्याला फोन केला आणि चुलतभावाला म्हटलं, आबांना पुरा.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" त्याने सावधपणे विचारलं.

"शेजाऱ्यांनी. इस्दूदचे आहेत."

"त्याला आता अश्दोद म्हणतात," तो म्हणाला. "काकू तिथेच असते. आबाची आई."

हे अबू नबीलना सांगू नये असं मी ठरवलं होतं. पण देह विमानाने गेल्यावर जिन्यात त्यांनी विचारलं, "माँ है उसकी?"

"है."

"किधर?"

मी गावाचं आताचं नाव सांगितलं. भूगोलाच्या शिक्षकाला नकाशा लागला नाही. ते पायरीवर बसले.

"समंदर के पास?"

"मालूम नहीं."

"पास हो तो अच्छा. शाम को हवा आती है." मग उठता उठता म्हणाले, "उसको बोलना, बेटे को मैंने नहलाया. ठीक से."

निरोप ठाण्यामार्गे पोचला. आबा आता नागावला आहेत, त्यांची आई अश्दोदला. अबू नबील हवल्लीत त्याच मजल्यावर राहतात.